जिन्याला बक्षीस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आधीच एक कबुली देतो. इमारतींच्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि पोटासाठी तीस वर्षं एका खाजगी कचेरीत आवक-जावक सांभाळली. उरलेल्या वेळात कविता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका रात्री फोन आला आणि पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘आम्ही भायखळ्यातल्या इमारतींना बक्षिसं द्यायची ठरवलंय, परीक्षक म्हणून तुम्ही या,’ तेव्हा मला वाटलं, यांचा नंबर चुकला.

‘नाही हो,’ ते म्हणाले. ‘वास्तुरचनाकार बाई आहेत, निवृत्त इंजिनिअर आहेत, शाळेचे मुख्याध्यापक आहेत. पण मानपत्रं लिहायला कुणी नाही. शिवाय तुम्ही जुने भायखळेकर.’

जुना भायखळेकर हे खरं. माझा जन्म तिथल्याच एका चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. अब्बा रत्नागिरीकडून आलेले, गोदीत कामाला. दहा बाय सोळाच्या खोलीत आम्ही आठ माणसं. २००९ साली मात्र मी मिरा रोडला बिऱ्हाड हलवलं. हे त्या गृहस्थांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मीही सांगितलं नाही. पुढे हीच गोष्ट माझ्या अंगाशी आली.

भायखळा म्हटलं की लोकांना भाजीबाजार आठवतो, तुरुंग आठवतो, फार तर राणीची बाग. पण आमच्या या वस्तीला बक्षिसांची सवय आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. युनेस्को ही संस्था २००० सालापासून आशिया आणि पॅसिफिक भागातल्या वारसा वास्तूंच्या जतनासाठी पारितोषिकं देते. त्यांची यादी उघडून बसलं की आमच्याच ओळखीची नावं भेटायला लागतात. २००५ साली डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तेही सर्वांत वरच्या श्रेणीत. २०१३ साली लाल चिमणी कंपाउंड. २०१७ साली क्राइस्ट चर्च. २०१९ साली ग्लोरिया चर्च. आणि २०२२ साली चक्क भायखळा रेल्वे स्टेशन. लाल चिमणी जराशी आडबाजूला, नायर हॉस्पिटलच्या अंगाला. बाकी सगळं हाकेच्या अंतरावर. एका सकाळी पाचही ठिकाणं पायी होतात. मी केलीत.

संग्रहालयाबद्दल सांगतो. आमच्या लहानपणी रविवारी बागेत जायचं ते हत्ती आणि माकडं बघायला. वाटेत ही इमारत लागायची. आत गार काळोख, धुळकट काचा, काचांमागे मातीची माणसं. आम्ही एका दारातून शिरून पळत दुसऱ्या दारानं बाहेर पडायचो. ही इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली, राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावानं. भाऊ दाजींचं नाव तिला मिळालं ते १९७५ साली. २००३ मध्ये पालिका, इन्टॅक आणि एक खाजगी प्रतिष्ठान यांचा करार झाला आणि काम सुरू झालं. २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली, तेव्हा मी मुलांना घेऊन गेलो. हिरवे खांब, छतावर सोन्याचा वर्ख, पायाखाली नक्षीच्या लाद्या. माझी धाकटी म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही तर म्हणाला होता भुताचं घर आहे.’

स्टेशनची गोष्ट वेगळी. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हापासून भायखळा स्टेशन आहे. आधी लाकडी, मग १८५७ साली आजची दगडी इमारत. मी कॉलेजला त्याच स्टेशनातून जात होतो. पण तिथे दगड आहे, हे मला पन्नाशीत कळलं. कारण दगडावर इतके रंग चढले होते, इतक्या वायरी, इतक्या पाट्या, की खालची इमारत दिसतच नव्हती. २०१९ ते २०२२ अशी तीन वर्षं काम चाललं. गाड्या चालू, गर्दी चालू. आता पाटीसमोर थांबून कुणी वाचत नाही, सगळ्यांना सात बावीसची गाडी असते. ते ठीकच आहे. स्टेशन त्यासाठीच असतं.

या युनेस्कोच्या पारितोषिकांचा एक नियम मला फार आवडतो. इमारत पन्नास वर्षांहून जुनी हवी, हा एक. पण काम पूर्ण झाल्यावर ती निदान वर्षभर वापरात असली पाहिजे, हा दुसरा. आमच्याकडे लग्नाच्या दिवशीच मुबारकबाद देऊन मोकळे होतात. इथे वर्षभर संसार बघून मग अभिनंदन.

आणि लाल चिमणीचा मुद्दा विसरू नका. तिथे चर्च नाही, म्युझियम नाही. गरीब पारशी कुटुंबांसाठी एका न्यासानं बांधलेल्या भाड्याच्या इमारती आहेत. मुंबईत भाडं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली. मालक म्हणतो, एवढ्या पैशांत मी नळाचा वायसरही बदलू शकत नाही. भाडेकरू म्हणतो, मी पगडी भरलीय. आणि इमारत दोघांच्या मध्ये उभी राहून गळते. उपकरप्राप्त म्हणतात त्या जुन्या इमारती एकट्या मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याच्या वेळी एकोणीस हजारांच्या वर होत्या. त्यांतली एखादी नीट दुरुस्त होऊन बक्षीस मिळवते, ही मला राजवाड्याला मिळालेल्या बक्षिसापेक्षा मोठी बातमी वाटते. वर्तमानपत्रांना तशी वाटली नाही. असो.

तर आमची बक्षिसं. युनेस्को कुठे आणि आम्ही कुठे! एका शाळेचं सभागृह, पितळी पाट्या, शाली, नारळ आणि समोसे. दोन विभाग ठेवले होते : जुन्याचं जतन आणि नव्याची रचना. नव्यासाठी तीन अर्ज आले. त्यातला एक एका बँकेच्या एटीएमचा होता. तो विभाग आम्ही अर्ध्या तासात आटोपला. जुन्यासाठी मात्र अकरा अर्ज आले, आणि चार रविवार आम्ही वणवण केली.

इंजिनिअरसाहेब भिंतीवर बोटानं टकटक करून ऐकायचे, डॉक्टर पाठीवर करतात तसे. त्यांच्याकडून मी शिकलो, की जुनी भिंत चुन्याची असते, ती ओल पिते आणि ओल सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. मग भिंतीत घुसलेली लाकडी तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. बाहेरून भिंत नवी कोरी दिसते. ‘मुंबईत अर्ध्या इमारती,’ ते म्हणायचे, ‘दुरुस्तीनं मेल्यात.’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

एका रविवारी आम्ही एका छोट्या मशिदीत गेलो. कमिटीनं मोठ्या हौसेनं अर्ज केला होता. मी लहानपणी त्या मशिदीत अब्बांचं बोट धरून ईदला गेलेलो. लाकडी छत होतं, त्याला हिरवट निळा रंग, आणि मधोमध काचेची हंडी. आता वर प्लास्टर ऑफ पॅरिसची फुलं, खाली संगमरवर, भिंतींना बाथरूममध्ये लावतात तसल्या चकचकीत टाइल्स. बाकीचे तिघे परीक्षक गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी एकटाच मुसलमान ना! जणू त्या टाइल्स मीच लावल्या. विश्वस्त वयानं मोठे, अब्बांचे स्नेही. मी हळूच विचारलं, ‘चाचा, जुनं छत काय झालं?’ ते म्हणाले, ‘बेटा, लोक आपल्या घराला इटालियन मार्बल लावतात, आणि अल्लाहच्या घराला जुनं लाकूड ठेवायचं?’ मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नेमकं सुचलेलं नाही. बक्षीस आम्ही दिलं नाही. चाचा भेटले की सलाम करतात, पण पूर्वी हात हातात धरून ठेवायचे तेवढा वेळ आता धरत नाहीत.

आणि मग तो जिना.

चाळ माझ्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. तीन मजले, लांब गॅलऱ्या, मध्ये लाकडी जिना. त्याचा तळ नळाजवळ, म्हणून खालची दोनेक फूट लाकडं कुजली होती. कुणी सुचवलं, लोखंडी जिना बसवा. ठेकेदार आला, आकडा सांगून गेला. तेव्हा तळमजल्यावरच्या कुणीतरी मुंब्र्याहून एका मिस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, मूळ संगमेश्वराकडचे सुतार. त्यांनी जिना वरपासून खालपर्यंत तळव्यानं चाचपला आणि म्हणाले, ‘याचे पाय गेलेत. जीव शाबूत आहे.’

खोलीमागे साडेतीन हजार रुपये जमले. मिस्त्रींनी जिन्याला टेकू दिले, कुजका भाग कापला आणि पाडलेल्या एका इमारतीतलं बर्मा सागवान शोधून आणून तेवढाच तुकडा एकात एक बसणाऱ्या सांध्यानं जोडला. पायऱ्यांच्या फळ्या मध्यभागी वाटीसारख्या झिजल्या होत्या. त्यांनी त्या फेकल्या नाहीत. उलट्या केल्या, खाली चपटी पट्टी घालून समतोल केल्या. म्हणजे शंभर वर्षं ज्या बाजूवर पाय पडले ती आता खाली आणि कोरी बाजू वर. कठड्यावरचा तैलरंग खरवडला, तर सात रंग निघाले. खाली मधासारखं लाकूड. हे सगळं दीड महिन्यात, आणि जिना एक दिवसही बंद नाही. रोज संध्याकाळी पाचला पायऱ्या पुन्हा जागेवर, कारण पोरं शाळेतून यायची.

वास्तुरचनाकार बाई त्या सांध्यावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिल्या. अकरा अर्जांत एवढं शुद्ध काम दुसरं नव्हतं. पहिलं बक्षीस इथेच, असं न बोलता ठरलं.

आम्ही खाली उतरत होतो, तेव्हा वळणावर एक खाला उभी होती. साठीची असेल. पायरीवर भाजीची पिशवी टेकवलेली, धाप लागलेली. तिनं मला ओळखलं. ‘तू अमक्याचा मुलगा ना? पोएट्री करतोस तो?’ मी हसून मान डोलावली. ती म्हणाली, ‘मग ऐक. बक्षीस देऊ नका.’

मला वाटलं, थट्टा करतेय. पण मागून आणखी चार बायका आणि दोन तरुण आले. ते म्हणाले, विकासकाशी बोलणी चाललीत. जुन्या भाडेकरूला तीनशे चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळायचंय, आत संडास, वर जायला लिफ्ट. तुम्ही पाटी लावली की उद्या पालिकेचा माणूस येईल, चाळ हेरिटेजमध्ये टाकील, आणि मग सगळं ठप्प.

मी समजावलं, की आमच्या बक्षिसाला कायद्यात काडीची किंमत नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची आहे. त्यात वास्तूंच्या श्रेण्या आहेत, समिती आहे. शाल-नारळ देऊन कुणी यादीत जात नाही. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. २०१२ साली यादी वाढवायचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या वस्तीतल्या, वकील-डॉक्टर असलेल्या लोकांनीही केवढा विरोध केला होता. मग चाळकऱ्यांनी का घाबरू नये?

‘मग जिना दुरुस्त का केलात?’ मी विचारलं.

‘चढायला,’ खाला म्हणाली. ‘नवं घर येईल तेव्हा येईल. तोवर उडी मारून वर जाऊ?’

मी काहीतरी बोललो. लाकडाबद्दल, आठवणींबद्दल, ही शेजारधर्माची जागा आहे वगैरे. कवीला असं बोलायची खोड असते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुला जिना दिसतो. मला रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला संडासाला जायचं दिसतं, गुडघा धरून. तू तर मिरा रोडला गेलास ना? तिथे तुझ्या घरात आहे ना आतमध्ये?’

आहे. आतमध्ये आहे. दोन आहेत.

त्या रात्री परत येताना गाडीत माझ्या मनात माझ्याच दोन कविता आल्या, चाळीवरच्या. बऱ्याच ठिकाणी वाचल्यात, टाळ्याही मिळाल्यात. त्यांत गॅलरी आहे, पिंपातलं पाणी आहे, मोहर्रमचं सरबत आहे, शेजारच्या काकूंच्या करंज्या आहेत. संडासाची रांग नाही. मी स्वतः त्या रांगेत डबा घेऊन उभा राहिलोय, चाळीस वर्षांच्या आसपास. अम्मी अखेरच्या दिवसांत दुपारनंतर पाणी पीत नसे, रात्री उठावं लागू नये म्हणून. हे कवितेत कसं आलं नाही?

परीक्षकांची शेवटची बैठक वादळी झाली. इंजिनिअरसाहेब म्हणाले, बक्षीस कामाला असतं, लोकांच्या मर्जीला नसतं. मुख्याध्यापक म्हणाले, वाद नको, दुसऱ्या कुणाला देऊ. मी खालाचं म्हणणं सांगितलं, तर साहेब चिडले. ‘म्हणजे जो जपतो त्याला घाबरून शिक्षा?’ त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

वाट काढली ती बाईंनी. त्यांनी आगा खान वास्तुकला पारितोषिकाची आठवण काढली. १९९८ साली ते आपल्या जळगाव जिल्ह्यात आलं होतं, चोपडा तालुक्यातल्या लासूर इथल्या कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयाला. नॉर्वेच्या दोन तरुण वास्तुरचनाकारांनी ते १९८५ साली पुरं केलेलं. कुठे नॉर्वे, कुठे लासूर, आणि कुष्ठरोग्यांच्या घराला कुणी सुंदर म्हणावं! बाई म्हणाल्या, त्या पारितोषिकाची एक रीत आहे. रक्कम एकट्या वास्तुरचनाकाराच्या खिशात जात नाही. बांधणारे, कारागीर, ज्यांनी काम करवून घेतलं ते, असे सगळे वाटेकरी होऊ शकतात. ‘मग आपण चाळीला कशाला द्यायचं?’ त्या म्हणाल्या. ‘मिस्त्रींना देऊ. चाळीचा पत्ताही नको.’

ठरलं. मानपत्र मी लिहिलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘काळाच्या पाऊलखुणा’ असं काहीतरी होतं, ते मीच कापलं. शेवटी एवढंच ठेवलं, की यांनी एक जिना दुरुस्त केला, कुजलं तेवढंच काढलं आणि एकाही माणसाची वाट एक दिवसही अडवली नाही. बाईंनी वाचून खाली सही केली. साहेबांनी ‘कुजलं तेवढंच’ याखाली रेघ मारली.

समारंभाला मिस्त्री इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. सोबत नातू. व्यासपीठावर सगळे खुर्च्यांत बसले, हे मात्र खुर्ची उलटी करून तिचे पाय बघत होते. पितळी पाटी हातात पडल्यावर मला विचारलं, ‘ही लावायची कुठं? घर भाड्याचं. मालक भिंतीला खिळा मारू देत नाही.’ पाटीसोबत पुडीत चार स्क्रू होते. ते त्यांनी पुडीसकट मला परत दिले. ‘लोखंडी आहेत. पितळेला पितळेचे लागतात, नाहीतर गंजाचा ओघळ येतो.’ ते स्क्रू अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

आणि समोर दुसऱ्या रांगेत खाला बसली होती. बोलावलं नव्हतं, आली होती. मिस्त्रींचं नाव पुकारल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या तिनं वाजवल्या.

यंदाच्या जानेवारीत त्या चाळीचा करार झाला. पावसाळ्यानंतर लोक संक्रमण शिबिरात जातील म्हणतात. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, ‘चांगलं झालं, लिफ्ट मिळेल त्यांना. पण जिना घणानं फोडू देऊ नका. वरून खाली उकलत यायचं, एकेक पायरी. सागवान आहे, दुसऱ्या कुणाच्या घराला लागेल.’ उकलायला स्वतः येतो म्हणाले. मजुरीचं विचारलं, तर फोन नातवाकडे दिला.

तो निरोप सांगायला मी चाळीत गेलो. विकासकाचा माणूस वही घेऊन खोल्यांची मापं घेत होता. खाला त्याच्याशी हुज्जत घालत होती. मला वाटलं, क्षेत्रफळावरून असेल. तसं नव्हतं. तिला जिन्यातली एक फळी हवी होती, नव्या घरात खिडकीशी बसायला पाट करायचाय म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची, जिथे ती भाजीची पिशवी टेकवते ती. त्या माणसानं वहीत लिहून घेतलं, आणि फळीच्या कडेला खडूनं तिच्या खोलीचा नंबर घातला.